रुमालाखाली राहिलेला सौदा

मास्तर, भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची खोड जुनीच. मी तापलो की तुम्ही चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि म्हणायचं, "बरं परसू, पुढल्या बाजारी बोलू." या खेपेलाही तेच केलंत. पुढल्या बाजारी तुम्ही आला नाहीत, तुमची बातमी आली.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. बेळगावहून तुमच्या कॉलेजातली माणसं आली होती. जर्मनीतल्या ज्यूद्वेषाचा इतिहास तुम्ही मराठीत कसा आणला, त्यात किती वर्षं घातलीत, हे त्यांनी छान सांगितलं. मग एकजण म्हणाले, मास्तर फार मऊ स्वभावाचे, कधी कुणाशी वाद घातला नाही. मी अक्काकडे बघितलं. तुमच्या बहिणीने पदर तोंडाला लावला होता आणि तो रडू लपवायला नव्हता. शेवटी मला म्हणाले, "हेडीमामा, तुम्हीही दोन शब्द बोला." उभा राहिलो. गुरांची खरेदी-विक्री करणारा हेडी मी, जनावराचे दात बघून वय सांगण्यात जन्म गेला, गिऱ्हाईक गप्प करण्यात मला कुणी हरवलेलं नाही, पण त्या दिवशी एवढंच म्हणालो, "मला मास्तरांशी बोलायचं हाय, मास्तरांबद्दल न्हाई." आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गलबलला. गलबललो होतोच. पण रागही होता, आणि तो कशाचा हे तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्यांदा तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हा मला वाटलं, बैल हवा असेल. तुम्ही वही काढलीत आणि विचारलंत, "हेडी लोक रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा करतात, ते मला शिकवशील?"

मी म्हटलं, "कशाला? कॉलेजात म्हशी बांधल्याव काय?"

तुम्ही हसलात. मग सांगितलंत की तुम्ही जर्मनीतल्या ज्यू लोकांवर लिहिताय. मी उभ्या जन्मात ज्यू बघितला नव्हता. जर्मनी म्हणजे चांगली मशिनं करणारा देश, एवढीच माझी माहिती. तुम्ही ओसरीवर मांडी घातलीत आणि बोलायला लागलात, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझीच गोष्ट सांगतोय, फक्त परक्या मुलखातली.

जर्मनीच्या मधल्या भागात अशीच डोंगराकडेची खेडी, म्हणालात. तिथल्या ज्यूंना कित्येक पिढ्या जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघात जागा नाही. मग उरला फिरता व्यापार, म्हणून पुष्कळजण गुरांचे हेडी झाले. पहाटे दोरी खांद्यावर टाकून निघायचं, दारोदार जनावर बघायचं, उधारीवर गाय द्यायची, हातावर हात मारून सौदा पक्का करायचा. आकड्यांसाठी त्यांचे आपल्या धर्मभाषेतले शब्द असायचे आणि शेतकरीही ते शब्द बाजारात शिकून घ्यायचे. मी विचारलं, "टाळी पडली की सौदा मोडत न्हाई, हे तिथंबी?" तुम्ही म्हणालात, "तिथंही." त्या एका शब्दावर मी तुम्हाला सगळी बोटं शिकवली. एक बोट, दोन बोटं, पंजा, पंजावर चढ, अर्धा, सगळं. तुमची बोटं खडूची, त्यांना दाबही येईना. मी म्हणायचो, "मास्तर, म्हैस विकत घ्या, तिला गुदगुल्या करू नका."

त्या बदल्यात तुम्ही मला तो देश शिकवलात. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्या लोकांविषयी काय सांगितलं जायचं. घरोघर जाणाऱ्या छापील पंचांगांत, पोरांच्या गोष्टींत, जाड कादंबऱ्यांत तोच एक माणूस कसा पुन्हा पुन्हा यायचा, वाकड्या नाकाचा व्यापारी, जो भोळ्या शेतकऱ्याचं घर गिळतो. "शंभर वेळा गोष्टीत गिळलं," तुम्ही म्हणालात, "मग एकशे एकाव्या वेळी कुणी पुरावा मागत नाही." मग तिथला एक ग्रंथपाल. लोकगीतं गोळा करत खेड्यापाड्यांतून हिंडला, शेतकऱ्यांच्या ओसरीवर जेवला, त्यांची दु:खं खरोखर ऐकली, आणि त्या सगळ्या दु:खांना ज्यू हे एकच कारण सांगून संसदेत निवडून गेला. त्याच्या लोकांनी ज्यूंशिवाय गुरांचे बाजार भरवले. मी विचारलं, "चालले?" तुम्ही म्हणालात, "पुष्कळ ठिकाणी नाही. शेतकरी परत जुन्या हेड्याकडे गेले, कारण उधारी तोच द्यायचा." मी मांडीवर थाप मारली. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

तुम्ही चष्मा पुसलात. पुढचं मग सांगितलंत. काही दशकांनी सरकारच त्या विचाराचं आलं. ज्यू हेड्याशी व्यवहार करणाऱ्यांची नावं चौकातल्या फलकावर लागू लागली. परवाने गेले. मग माणसं गेली, आगगाडीतून. आणि त्यांच्या मागे गावात त्यांच्या घरातल्या चादरी, कपाटं, स्वयंपाकाची भांडी यांचा लिलाव झाला. शेजाऱ्यांनी बोली लावली.

मी जन्माचा सौदेवाला. तोंडातून निघून गेलं, "बोली किती चढली?"

"फार नाही. सगळं स्वस्तात गेलं."

त्या दिवशी मी जेवलो नाही, मास्तर. बायको म्हणाली पित्त झालं असेल. स्वस्तात घेतल्याचा आनंद मला माहीत आहे, तो अंगात कसा चढतो तेही माहीत आहे. शेजाऱ्याच्या चुलीवरची कढई हातात घेऊन तो आनंद कुणाला झाला असेल, हे मला डोळ्यांपुढून हलवता येईना.

आपली भांडणं तिथूनच लागली. मी म्हणायचो, लिहा की हे हेडी लोक सचोटीचे होते. तुम्ही म्हणायचात, "बरेच होते. काही लबाडही असतील. तसंच लिहिणार."

"मग लोक म्हणतील, बरं झालं."

"परसू, माणूस सज्जन निघाला तरच त्याला जगू द्यायचं, असं म्हटलंस की हरलास. मग रोज सज्जनपणाचा दाखला काढत बस. तू म्हशीचा एक दात कमी सांगितलास म्हणून तुझं घर जाळायचं नसतं."

"मी कवा दात कमी सांगितला?"

"अक्काला विचारू?"

मग मी विषय बदलायचो. कधी मी फुशारकी मारायचो की आपल्याकडे असलं काही नव्हतं. कोकणात ज्यू तेली होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यांना कुणी हाकललं नाही, हे तुम्हीच सांगितलेलं. तुम्ही म्हणायचात, "आपल्याकडे ज्यूंच्या वाट्याला नव्हतं, दुसऱ्यांच्या होतं. नुसतं 'आपल्याकडे नव्हतं' असं म्हणू नकोस."

आता माझ्या रागाकडे येतो.

नंदिगड्ड्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता. तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावलं. तुम्ही बाजाराच्या पद्धतीवर बोललात. भाव उघड बोलला जावा, फळ्यावर लिहिला जावा, असं तुमचं जुनंच मत. ते मला मान्य नव्हतं पण ठीक. पण टाळ्यांनी तुम्हालाही चढते, मास्तर. तुम्ही म्हणालात, "दावणीचं जनावर हेड्याच्या रुमालाखाली जातं आणि शेतकरी उघडा पडतो." पटांगण दुमदुमलं म्हणे. मी नव्हतो, पण ते वाक्य तुमच्या आधी आपल्या रामनगरला पोचलं.

दोन बाजार उलटले नाहीत तोच जांभळीखाली, जिथे आमची गुरं बांधतात, तिथे पत्र्याचा बोर्ड उभा. लाल रंगात, वर कानडीत, खाली मराठीत. बाहेरच्या हेड्यांना बाजार बंद. आणि त्याखाली तुमचं वाक्य, तुमच्या नावासकट.

बाहेरचा म्हणजे मी. बाप खानापूरकडचा, मी मिसरूड फुटायच्या आधी एक रेडकू घेऊन इकडे आलो. भाड्याच्या खोलीत राहून, दिग्गीपर्यंत पायी जनावरं पोचवून घर उभं केलं. आणि बोर्ड कुणी लावला, तर बाजारकुणंगच्या मारुतीच्या गणपाने. त्याच्या बापाच्या दावणीची पहिली जोडी माझ्या हातची. मी त्याला म्हटलं, "गणपा, रामनगरात मूळचा कोण हाय रे? ह्या लोकास्नी गावं बुडवून धरणाच्या पाण्यानं हितं ढकललं, मला पोटानं ढकललं. बोर्ड लावायचा तर पाण्यावर लाव." तो म्हणाला, "मामा, आमचं कायबी न्हाई, मास्तरच म्हणालेत न्हवं." वर हसला.

तसाच तुमच्या घरी आलो. अक्काने पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. तुम्हीच मला सांगितलं होतं, जर्मनीतला एक नावाजलेला इतिहासाचा प्राध्यापक होता, त्याने ज्यूंविषयी एक छोटं, टाळीचं वाक्य लिहिलं. तो स्वतः दगड घेऊन कुठे गेला नाही. पण ते वाक्य पुढच्या लोकांनी उचललं आणि वर्षानुवर्षं मोठ्या अक्षरांत छापलं. मी तुमच्या दारात उभा राहून तेच तुमच्या अंगावर टाकलं. म्हटलं, "त्या प्राध्यापकाचं गाव जर्मनीत हाय म्हणालता न्हवं? मला तर वाटतंय रामनगरातच हाय."

तुमचा चेहरा पांढरा झाला. म्हणालात, "मी पद्धतीवर बोललो. माणसांवर नाही."

"बोर्डावर पद्धत बसती व्हय, मास्तर? बोर्डावर माणूसच बसतो."

अक्काने आणलेलं पाणी तुम्ही पुन्हा माझ्यापुढे सरकवलंत. मग म्हणालात, "तुझं आणि त्यांचं एक नाही, परसू. तुला कुणी गाडीत घालून नेणार नाही. एवढं मोठं दु:ख आपल्या अंगावर ओढून घेऊ नये." खरं होतं ते. पण त्या दिवशी मला खरं नको होतं. मला माफी हवी होती. ती मिळाली नाही. मी चपला घालून निघालो.

पुढच्या बाजारी मी गेलो, कारण न जाणं माझ्या रक्तात नाही. चार जनावरं बांधली, खांद्यावर रुमाल टाकून जांभळीखाली बसलो. कुणी जवळ येईना. ओळखीचे लोक जनावरांकडे बघायचे, बोर्डाकडे बघायचे आणि मिरच्या घ्यायला निघून जायचे. रोपलावणी तोंडावर आली होती, बैल सगळ्यांना हवे होते. हात मात्र कुणी पुढे करेना. असे दोन-तीन बाजार कोरडे गेले असते तर मला घर बंद करून खानापूरला परतावं लागलं असतं आणि गणपाने दुसरा बोर्ड रंगवला असता.

दुपारी तुम्ही आलात. छत्री, इस्त्रीचा सदरा, मागे अक्का पिशवी घेऊन. तुम्ही कधी गुरांच्या बाजूला यायचा नाहीत, शेणाला बिचकायचात. सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिलात आणि एका म्हशीकडे बोट दाखवलंत. ती जरा मारकी होती.

"केवढ्याला?"

मी म्हटलं, "मला टाइम न्हाई."

"तुला आज वेळच वेळ आहे. हात दे."

माणसं गोळा झाली. गणपा चहाच्या गाड्यावरून ओरडला, "मास्तर, रुमालातनं हात काढल्यावर बोटं मोजून घ्या ओ." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि हात पुढे केलात. मी रुमाल टाकला.

त्या रुमालाखाली काय झालं ते आजवर मी कुणाला सांगितलं नाही. आमच्यात सांगतही नाहीत. पण आज एवढं सांगतो. मी रागाने भाव चढवून दाबला, दुप्पट नाही पण जवळपास, म्हटलं पळू दे ह्याला. तुम्ही तो तसाच्या तसा परत दाबलात. घासाघीस नाही, काही नाही. आयुष्यात मला एवढा राग कुणाचा आला नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही म्हणजे त्याने मला व्यापारी मानलं नाही, भिकारी मानलं. मी भाव उतरवला. तुम्ही चढवलात. मी बोट मुडपलं, तुम्ही उलगडलंत. तुमच्या खडूच्या बोटांना कुठून दाब आला कोण जाणे. लोकांना फक्त तोंडं दिसत होती. माझं लाल, तुमच्या कपाळावर घाम. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरला पिळतोय बघ हेडी." आणि आत मी एकेक पायरी खाली उतरत होतो आणि तुम्ही मला वर ढकलत होता.

तेव्हा मला कळलं, तुम्ही तुमच्या पुस्तकातलं ते सगळं मला का सांगत बसायचात. झाकलेल्या हातात काय चाललंय हे बाहेरच्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही तिथे माणूस आपल्या मनातलं भरतो. त्या लोकांच्या आकड्यांत, त्यांच्या प्रार्थनेत, त्यांच्या बंद दारात तिथल्यांनी तेच भरलं. आणि तुम्ही, उघड भावाचं व्याख्यान देणारे, माझ्या रुमालात हात घालून उभे होता, तुमच्याच वाक्याच्या बोर्डाखाली, सगळ्या बाजारासमोर.

मग मी टाळी दिली. दावं तुमच्या हातात ठेवलं. म्हैस एक पाऊल पुढे आली आणि तुम्ही दोन पावलं मागे. अक्का म्हणाली, "अण्णा, कुठं बांधायची हिला? पुस्तकाच्या कपाटाला?" या खेपेला बाजार हसला तो निराळा हसला. हसू ओसरलं तसा दिग्गीचा एक म्हातारा पुढे सरकला, ज्याला खरंच बैल हवा होता, आणि त्याने हात पुढे केला. मग आणखी एक. गणपाचा बाप मारुती सगळ्यात शेवटी आला, मुलाकडे न बघता.

म्हैस मी तुमच्या परसात पोचवली. कुडाचा गोठा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगून पाठवलंत, "धार कशी काढायची?" मी निरोप दिला, "पुस्तकात बघा."

बोर्ड काढल्याचं कुणाच्या नावावर लागलं नाही. वाऱ्याने वाकला, मग चहावाल्याने तो पत्रा उचलून आपल्या गाड्यावर छपराला घातला, अक्षरं खाली करून. अजून तिथेच आहे. चहा पिताना वर बघितलं की तुमचं वाक्य दिसतं, धुराने काळं पडलेलं. गणपाही तिथेच बसतो. परवा तुमच्या तेराव्याचं दूध त्यानेच आणून दिलं, तुमच्याच म्हशीच्या रेडीचं. त्याने ती तुमच्याकडून माझ्यामार्फत घेतली होती, रुमालाखाली. चांगला घासतो भाव.

पुस्तक आलं तेव्हा तुम्ही पहिली प्रत मला दिलीत. मी शेवटचं पान आधी उघडलं, जिथे आभार असतात. "रामनगरच्या बाजारातील एका हेड्याने सौद्याची पद्धत समजावून दिली." एका हेड्याने. प्राध्यापकांची नावं होती, ग्रंथालयांची होती, अक्काचं होतं. मी पुस्तक तुमच्या मांडीवर टाकलं.

"नाव काय जड झालतं?"

"पुन्हा कधी बोर्ड लागला तर माझं पुस्तक हातात धरून लोक तुझ्या दारात यायला नकोत."

"येऊ देत की. चहा पाजतो."

"परसू, मी एकदा लिहिलेलं-बोललेलं दुसऱ्याच्या हातात कसं जातं ते बघितलंय."

एवढंच. माफीच्या सगळ्यात जवळ तुम्ही तिथवर आलात आणि चष्मा पुसायला लागलात. मेळाव्यात बोललात तसं चारचौघांत उभं राहून चुकलो म्हणालात का? नाही. मी ते प्रत्येक भेटीत काढलं. अक्का म्हणायची, "परसूमामा, सोडा की आता." मी म्हणायचो, "अक्का, मी जनावर सोडीन, हे न्हाई सोडायचा."

शेवटचं आलो तेव्हा तुम्ही खाटेवर होता, आवाज अगदी आत गेलेला. मी पुन्हा तेच काढलं, कारण आजाऱ्याशी गोड बोलायला मला जमत नाही आणि तुम्हाला ते आवडलंही नसतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग माझ्या खांद्यावरच्या रुमालाकडे बोट केलंत.

"किती माफ्या घेतोस? भाव सांग."

मी रुमाल टाकला. पंजा दाबला, अख्खा. तुम्ही एकच बोट दाबलंत. कंजूष. मी जरा उतरलो, तुम्ही जरा चढलात. या वेळी सरळ घासाघीस, खऱ्या गिऱ्हाइकासारखी, आणि तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि अक्का आतून धावत आली. तुमचा हात रुमालातून निसटला. "बरं परसू," तुम्ही म्हणालात, "पुढल्या बाजारी."

आमच्यात असं आहे, मास्तर. टाळी पडली नाही, पण दोघांपैकी कुणी नको म्हणून उठलाही नाही, तर शेवटचा दाबलेला आकडा उभा राहतो. तो आकडा तुमचा होता. माझ्या मागणीपेक्षा कमी होता आणि मी तिथे येणार नव्हतो.

काल बाजारी जांभळीखाली बसलो होतो. चहावाल्याने चहा आणून दिला. मी रुमाल मांडीवर पसरला आणि आत आपल्याच हाताने तुमचा आकडा धरला. किती ते सांगणार नाही, ते रुमालाखालचं आहे. मला तो मंजूर आहे. दुसऱ्या हाताने टाळी मीच देऊन टाकली. गणपाने वळून बघितलं आणि विचारलं, "काय मामा, कुणासंगं सौदा?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक जुनं हाय. तू तुझा चहा पी."